स्टार कशाला द्यायचा आणि कशाला नाही



मागच्या आठवड्यात स्थानकातून बाहेर पडताना एका ओळखीच्या बाईंनी मला गाठलं. त्यांची नात अडीच वर्षांची आहे, अजून चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी फ्रिजवर चार्ट लावलाय. एक शब्द बोलली की एक स्टार, दहा स्टार झाले की एक चॉकलेट. "तुमच्या नातवाला याचाच गुण आला ना हो?" त्यांनी विचारलं. मी चपला घालता घालता "हो पण आणि नाही पण" असं काहीतरी म्हटलं. त्या गोंधळल्या, आणि खरं सांगायचं तर मीही. रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या नातवाची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे, कारण तुम्हीच त्याच्या बोलण्यावर हसला आहात. रागावू नका, मीही हसले आहे. पोरगा चार वर्षांचा होत आला तरी त्याच्या तोंडातून "क" निघत नव्हता, त्याच्या जागी "त" यायचा. "ग" च्या जागी "द". काकाला "ताता", गायीला "दाय". "गाडी" म्हणायला जायचा तर "दाडी" निघायचं, आणि मला वाटायचं दादीला, म्हणजे मला, हाक मारतोय. मी स्वयंपाकघरातून धावत यायची तर त्याला खेळण्यातली मोटार हवी असायची.

पर्युषणात तर कहरच झाला. स्थानकात तो माझ्या मांडीवर बसून "मला तप पाहिजे, मला तप पाहिजे" म्हणून हट्ट करत होता. शेजारच्या बाया म्हणाल्या, काय पुण्यवान जीव आहे, एवढ्याशा वयात तपाची इच्छा! त्याला हवा होता त्याचा निळा कप. आम्ही सगळ्या खूप हसलो. तो मात्र हसला नाही. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

लक्षात आलं ते त्याच्या नर्सरीतल्या मुलांनी त्याचं नाव "ताता" ठेवलं तेव्हा. मग तो शाळेत बोलेनासा झाला. विचारलं की मान हलवायचा, बोट दाखवायचा. शाळेतून सांगणं आलं की तुमच्या घरी मारवाडी, गल्लीत मराठी, इथे इंग्रजी, तीन भाषांनी मूल गोंधळलंय, घरात एकच भाषा बोला. सूनबाईने ते मनावर घेतलं. महिनाभर आमच्या घरात सगळे मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होते. माझे मिस्टर तर त्या महिन्यात मौनातच होते म्हणा ना.

पुढे स्पीच थेरपिस्टने सांगितलं की हे खरं नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलाचं बोलणं अडत नाही. ज्याला "क" येत नाही त्याला तो तिन्ही भाषांत येत नाही. उलट घरच्यांनी आपली भाषा सोडली की मुलाशी होणाऱ्या गप्पाच कमी होतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या समाजात जवळपास प्रत्येक घरात दोन भाषा आहेत आणि हा दोष प्रत्येक घरावर येतो.

आता थोडं क्रमाने. आम्ही मस्तगडला राहतो, म्हणजे जुन्या जालन्याच्या गजबजाटात, पण मुलाला घेऊन गेलो छत्रपती संभाजीनगरला, कारण माझी भाची तिथे राहते आणि तिच्या माहितीतली थेरपिस्ट होती. साठ किलोमीटर, एस.टी.ने दीड तास तरी. दर शनिवारी डब्यात थालीपीठं घेऊन सूनबाई आणि मी त्याला घेऊन निघायचो.

पहिल्या दिवशी तिने जीभ पाहिली नाही, आधी कान तपासायला पाठवलं. मला नवल वाटलं, कारण घरात टीव्हीचा आवाज जरा वाढला की हा पळत येतो, कान चांगलेच आहेत की. पण तिचं म्हणणं, वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, त्यांना टीव्ही ऐकू येतो पण बारीक आवाजातले फरक निसटतात. कान तपासल्याशिवाय मी जिभेला हात लावणार नाही. त्याचे कान चांगले निघाले. तरी मैत्रिणींनो, बोलण्याची कुठलीही तक्रार असो, पहिली तपासणी कानाची. खाजगीत जायला नको असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही सोय आहे. 2013 साली हा कार्यक्रम आपल्या महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांना तपासतात, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या पातळीवरच्या केंद्रात पाठवतात. अंगणवाडी म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण बहिरेपण आणि उशिरा बोलणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत.

आणखी एक. आजकाल कुणीही पाटी लावतं. स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, तो नंबर विचारायला लाजू नका. यांची चार वर्षांची पदवी असते. मैसूरला 1965 सालापासून यासाठी मोठी संस्था आहे, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून. तिथून शिकलेली माणसं आता आपल्या भागातही येऊ लागली आहेत.

मग "क" चं काम सुरू झालं. "त" म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना लागतं, "क" म्हणताना जिभेची मागची बाजू वर टाळूला जाते. तुम्ही आत्ता करून बघा. साठ वर्षं मी "क" म्हणते आहे, मला हे माहीत नव्हतं. त्याला आरशासमोर बसवून, पाण्याच्या गुळण्या करायला लावून, कधी आडवं निजवून, कधी चमच्याच्या दांड्याने जिभेचं टोक खाली दाबून धरून, घशाजवळची ती जागा दाखवायची. नुसता "क्" निघायला तीन शनिवार गेले. मग "का, की, कू". मग जोड्या: काप आणि ताप, कार आणि तार, कळ आणि तळ. एका बैठकीत एकेक आवाज साठ-सत्तर वेळा. चार वर्षांच्या मुलाकडून एकच गोष्ट सत्तर वेळा करून घेऊन दाखवा तुम्ही. मी पाठशाळेत बारा वर्षं शिकवलंय, माझ्याने ते झालं नसतं.

तिथे तो चार्ट आला. कागदावर दहा डब्यांची आगगाडी काढलेली. पाच वेळा म्हटलं की एका डब्यात एक चमकीचा स्टार. गाडी भरली की स्टेशन, आणि स्टेशनावर तिच्याकडची एक मोठी घंटा वाजवायला मिळायची. बस, एवढंच. खाऊ नाही, खेळणं नाही. पोरगा त्या घंटेसाठी घाम गाळायचा.

मी जे.ई.एस. कॉलेजची बी.कॉम. आहे. लग्नानंतर हिशेबाच्या वह्या फक्त घरच्या लिहिल्या, पण डोकं तसंच राहिलं. दुसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की त्याने पाचातले चार चुकीचे म्हटले तरी ती स्टार देते आहे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, माल खोटा आला तरी पूर्ण बिल काढताय तुम्ही." ती हसली. म्हणाली, "आजी, मी मालाचे पैसे देत नाहीये, मजुरीचे देते आहे. त्याने जीभ मागे न्यायचा प्रयत्न केला, त्याचा हा स्टार. बरोबर आलं की त्याला स्वतःलाच कळतं, आरशात बघा त्याचा चेहरा." मी पाहिलं. खरोखरच, नीट "क" निघाला की तो स्टारकडे न बघता आईकडे बघायचा.

पुढे पुढे पाचाचे दहा झाले, दहाचे वीस. मग कधी स्टार, कधी नाही. मग एके दिवशी ती चार्ट काढायलाच विसरली, म्हणजे तसं दाखवलं, आणि त्यानेही मागितला नाही. चार्ट लावताना तो कधी काढायचा हे आधीच ठरवायचं असतं, असं ती म्हणाली. हे मला फार आवडलं. आपल्याकडे लावलेली कुठलीच गोष्ट काढायची ठरलेली नसते.

इथपर्यंत माझं उत्तर "हो" आहे. आता "नाही" कडे येते, आणि त्यात माझीच चूक आहे.

घरी रोज दहा मिनिटं सराव करून घ्यायचा होता, म्हणून सूनबाईने तसाच चार्ट घरी केला. मला तो इतका आवडला की मी त्याचा विस्तार केला. "क" चा स्टार होताच, मग दूध संपवलं की स्टार, पाहुण्यांना जय जिनेंद्र म्हटलं की स्टार, दीदीला मारलं नाही की स्टार. थोरली नात आठ वर्षांची, ती विचारायला लागली की माझा चार्ट कुठे आहे, मी तर नीटच बोलते. तिला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही, आणि अजूनही नीट सुचलेलं नाही. मी चार्ट देवघरातून दिवाणखान्यात आणला, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. कुणी आलं की मी म्हणायची, "बेटा, काका म्हणून दाखव, दादी स्टार देईल."

पंधरा दिवसांत पोरगा हुशार झाला. मी साधं विचारलं, "आज डब्यात काय होतं रे?" तर उलट प्रश्न, "तिती स्टार?" किती स्टार! बोलण्याचा भाव ठरल्याशिवाय बोलायचं नाही. व्यापाऱ्याचा नातू शोभला. तेव्हाही मी हसले.

आणि मग ती संध्याकाळ. सूर्यास्त व्हायला आलेला, सगळ्यांची जेवणाची घाई, आणि याने खेळता खेळता आमटीचं पातेलं लवंडलं. माझा तोल गेला. मी तरातरा जाऊन चार्टवरचे दोन स्टार नखाने खरवडून काढले. "गेले तुझे स्टार!" तो रडला नाही. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाऊन पलंगाखाली बसला.

दुसऱ्या दिवशी सरावाला बसवलं तर तोंड घट्ट मिटलेलं. तिसऱ्या दिवशी तेच. नऊ दिवस त्याने घरात "क" ची एकही ओळ म्हटली नाही. इतर बोलणंही आटलं. शाळेत जसा मान हलवायचा तसा घरात मान हलवायला लागला. त्या नऊ दिवसांत माझ्या पोटात अन्न गेलं नाही म्हटलं तरी चालेल, कारण असा मिटलेला चेहरा मी आधी पाहिलेला आहे.

माझा धाकटा भाऊ अडखळायचा. तोतरा म्हणत लोक त्याला. 1970 च्या आसपासची गोष्ट, तेव्हा जालन्यात कोण कुठली थेरपी. वडील प्रेमळ होते, त्यांना मनापासून वाटायचं की पोराने सुधारावं. दुकानात कुणी मोठा माणूस आला की ते भावाला बोलवायचे, गल्ल्यातून एक रुपया काढून काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "न अडखळता नाव सांग, रुपया तुझा." त्या काळी रुपया म्हणजे मोठी रक्कम. तो रुपयाकडे बघायचा, तोंड उघडायचा, आणि पहिल्याच अक्षरावर अडकून राहायचा. मान ताठ, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक छताकडे बघायचं. रुपया परत गल्ल्यात. असं किती वेळा झालं ते मला मोजता येणार नाही. पण एवढं माहीत आहे की माझा भाऊ बोलायचा थांबला. आज तो आजोबा झालाय, कारखान्यात हिशेब बघतो, फार नीटस काम आहे त्याचं, आणि फोन वाजला की आजही मुलाकडे देतो.

अडखळणं आणि "क" न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे थेरपिस्टने मला समजावून सांगितलं. "क" ही जिभेची शिकायची राहिलेली कला आहे, सरावाने येते. अडखळणाऱ्या मुलाला शब्द येत असतो, तो ऐनवेळी बाहेर पडत नाही. त्याच्यासमोर बक्षीस ठेवलं की ताण वाढतो आणि अडकणं वाढू शकतं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या लिडकोंब या उपनगराच्या नावाची एक पद्धत आहे, सहा वर्षांच्या आतल्या अडखळणाऱ्या मुलांसाठी. त्यात आईवडीलच काम करतात, पण कसं? मूल आपल्या मनाने सहज, न अडखळता बोललं की हळूच म्हणायचं, किती छान बोललास. अडखळला तर क्वचितच त्याचा उल्लेख. कौतुक खूप, दुरुस्ती अगदी थोडी, आणि हे सगळं थेरपिस्टच्या देखरेखीखाली, दर आठवड्याला भेटून. काउंटरवर रुपया ठेवणं आणि हे, दोन्हींत बक्षीसच आहे. पण एकात मूल आधी बोलतं आणि कौतुक मागून येतं, दुसऱ्यात बक्षीस आधी समोर उभं राहतं आणि मुलाने त्याच्यापर्यंत पोचायचं असतं, चार लोकांदेखत.

दहाव्या दिवशी शनिवार होता. मी थेरपिस्टला सगळं सांगितलं, सूनबाईसमोर. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, ते स्टार त्याने जिभेने कमावले होते, तुम्ही हाताच्या चुकीसाठी का काढले?"

माझ्यासारख्या कॉमर्सवालीला यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती. एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्याच्या नुकसानीत वळती केली होती मी. असं मुनीमाने केलं असतं तर सासऱ्यांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. या चार्टला खर्चाची बाजूच नसते, फक्त जमेची. एकदा दिलेला स्टार मुलाचा झाला, तो परत घेता येत नाही, मग त्याने घर डोक्यावर घेतलं तरी.

घरी येऊन मी त्याच्यासमोर खाली बसले, गुडघे दुखत असतानाही. दोन नवीन स्टार लावले आणि त्याला हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. संवत्सरीला आपण गावभर म्हणतो, पण चार वर्षांच्या मुलाला खरोखरीच्या चुकीसाठी म्हणायला जीभ जड होते, तेही कळलं. त्याने विचारलं, "दादी, तू पन सांडलं?" मी म्हटलं, "हो, मी पण सांडलं."

त्यानंतर मी या विषयावर माझ्या मुलाकडून माहिती काढून घेतली, तो मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवायचा. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांच्यातल्या काहींना आधी सांगितलं, चित्र काढाल तर सोनेरी स्टार आणि लाल फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात पुन्हा ठेवले, कुणावर बंधन नाही. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच होती. यावर पुढे विद्वानांचे बरेच वाद झाले. पण त्या वादातून एक गोष्ट मला कामाची सापडली. 1999 मध्ये डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर अशा शंभरावर प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. मुळात जे काम कंटाळवाणं असतं, त्यावर बक्षीस ठेवल्याने तसं नुकसान त्यांना दिसलं नाही. नुकसान होतं ते जे आधीच आवडतं त्याचं.

तर माझं मत हे आहे. सत्तर वेळा "का की कू" म्हणणं कंटाळवाणं आहे, ते कुणालाच आवडत नाही, तिथे स्टार लावा, खुशाल लावा. पण दादीला डब्यात काय होतं ते सांगणं, गाय दिसली म्हणून ओरडणं, भांडणं, गाऱ्हाणं सांगणं, हे बोलणं मुलाला मुळातच हवं असतं. त्यावर स्टार लावलात की तुम्ही त्याच्या घरच्या विहिरीवर मीटर बसवलात.

काही जणी म्हणतील, हिला आज हे सुचतंय, पाठशाळेत बारा वर्षं हिनेच पॉइंट वाटले. खरं आहे. चातुर्मासाची नियमांची कार्डं मीच छापून आणायची: नवकारसी, रात्रिभोजन त्याग, सामायिक, प्रत्येकाच्या चौकोनात टिक, आणि शेवटी स्टीलच्या डब्यापासून सायकलपर्यंत बक्षिसं. धर्मक्रियेच्या बदल्यात फळ मागणं म्हणजे निदान, आणि निदान हे शल्य, हे शिकवणारी मीच आणि लकी ड्रॉ काढणारीही मीच. पुणिया श्रावकाच्या एका सामायिकाचं मोल श्रेणिक राजाला चुकवता आलं नाही, ही गोष्ट मी सांगायची आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, "मॅडम, आज सामायिकचे किती पॉइंट?" एका वर्षी मी चिडून सगळी बक्षिसं बंद केली. हजेरी निम्म्यावर आली. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केली. त्यामुळे मी कुणाला उपदेश करण्याच्या जागेवर नाही. एवढं मात्र नक्की सांगते, की गाथा पाठ करणं हे सत्तर वेळच्या "का की कू" सारखंच कंटाळवाणं असतं, तिथे प्रभावना दिली तर मला खटकत नाही. सामायिकात शांत बसण्यावर पॉइंट लावले ते मात्र आता खटकतं.

आता त्या बाईंच्या नातीबद्दल, जिच्यामुळे हे लिहायला बसले. तिच्या चार्टबद्दल मी आमच्या थेरपिस्टला फोन करून विचारलं. तिचं उत्तर सरळ होतं: अडीच वर्षांच्या, शब्द नसलेल्या मुलीला चार्ट कळतच नाही. दहा स्टारनंतरचं चॉकलेट तिच्यासाठी पुढच्या वर्षाइतकं लांब आहे. तिला बक्षीस लागलीच हवं, आणि ते शब्दातच असतं. "कप" म्हटलं आणि कप हातात आला, हेच ते बक्षीस. "पा" म्हटलं तरी पाणी द्यायचं, आणि देताना आपण म्हणायचं, "पाणी हवं? हे घे पाणी."

इथे मला एक गोष्ट जोरात सांगायची आहे, कारण ती मी आपल्या घरांतून रोज पाहते. "पाणी म्हण, मगच देईन." ग्लास वर धरलेला, मूल रडतंय, आणि आजी हसतेय. नका करू असं. ते मूल हट्टी नाही, त्याच्याकडे तो शब्द अजून नाही. तहानलेल्याला पाणी देताना आपण परक्यालाही अट घालत नाही. आपण पाणपोया बांधणाऱ्यांच्या घरातल्या आहोत.

आणि चॉकलेटचं म्हणाल तर दहा स्टारला एक चॉकलेट म्हणजे वर्षभरात दातांच्या डॉक्टरची फी. आमच्या घरी आता गाडी भरली की मोतीबाग. रविवारी संध्याकाळी लवकर निघायचं, तलावाच्या काठाने एक चक्कर मारायची, दीदी सुद्धा बरोबर, तिला कुठल्याही स्टारशिवाय. तिच्या चार्टच्या प्रश्नाचं मी शोधलेलं हे अर्धंमुर्धं उत्तर.

त्या बाईंना मी काल घरी बोलावून हे सगळं सांगितलं. चार्ट काढा, आधी कान तपासून घ्या, आणि रोज अर्धा तास तिच्याजवळ बसा, मोबाइल बाजूला ठेवून. त्यांचा चेहरा पडला. चार्ट म्हणजे काहीतरी चालू आहे असं वाटत होतं त्यांना, आणि मी ते काढून घेतलं. मला ते कळतं. भिंतीवर स्टार वाढताना दिसले की आजीलाच धीर येतो. मुलीच्या आईला घेऊन पुढच्या आठवड्यात त्या कानाच्या तपासणीला जाणार आहेत.

आमच्याकडे शनिवारच्या फेऱ्या दिवाळीनंतर थांबल्या. थकला की अजून कधी कधी "तप" म्हणतो. शाळेत बोलतो, बाईंची तक्रार येते की फार बोलतो. घरच्या चार्टवर शेवटचे तीन डबे तसेच रिकामे राहिले, कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. कागद जाड आणि चांगला होता, मागची बाजू कोरी होती, म्हणून मी त्यावर दुधाचा हिशेब लिहायला घेतला आहे.